नाव शेवटी

सोमवार, २२ डिसेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्यातच मला सगळं पावलं. आधीच्या तीन पत्रांचं काय केलंस ते विचारत नाही. रद्दीत गेली असतील तर बरंच झालं, तिन्हींत मी स्वतःची बाजू मांडत बसलो होतो. या पत्रात फक्त एक विनंती आहे. ती शेवटी लिहितो, म्हणजे तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. जित्याची खोड.

शाळेला थंडीची सुट्टी लागली. शनिवारी प्रयोगशाळेतल्या सगळ्या परीक्षानळ्या धुऊन पालथ्या घातल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आलो. आता चार जानेवारीपर्यंत घरात मी आणि बाबा. दिवसभर बाबांकडे बघणारी बाई लेकीकडे गेली आहे. मी शाळेत असताना तू दर महिन्याला तिला फोन करून बाबांची खबर घेतेस, हे मला माहीत आहे. ती बिचारी मला काही सांगत नाही. फक्त त्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं की म्हणते, "आज कुणाचा फोन आला नव्हता हं." बाकीच्या दिवशी असं काही म्हणत नाही.

तिने सांगितलं नसेल ते सांगतो. बाबा काठी घेऊन खिडकीपर्यंत जातात. उजवा हात अजून मांडीवर पडून असतो, उजवा पाय ओढत न्यावा लागतो. खिडकीतून चौकातल्या गाड्या बघतात आणि कुणी इंडिकेटर न देता वळलं की काठी आपटतात. चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस, दुसरं काय बघणार. बोलण्याचं म्हणशील तर पक्षाघाताच्या झटक्यानंतर वर्षभर सगळ्याला एकच उत्तर होतं, "नाही". चहा हवा का, नाही. आणि कप ओढून घ्यायचे. ऑगस्टपासून मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई येतात, गेलेली वाचा परत शिकवणाऱ्या. मी त्यांना उच्चारबाई म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. बरं चाललंय. किती बरं, ते आत्ता सांगत नाही.

तर विनंती. येत्या रविवारी, २८ तारखेला, सकाळी अकराला घरून तुला फोन येईल. तो उचल. मी लाइनवर येणार नाही. का उचलायचा ते विचारू नकोस. विनोदातला जो शेवटचा शब्द लोकांना हसवतो त्याला आम्ही हौशी मंडळी पंच म्हणतो, आणि पंच आधी फोडायचा नसतो.

'मास्तर' हे माझं सोंग मी बंद केलंय. हे वाचून तुझा राग जाणार नाही, पण माहीत असू दे. तू रागावलीस माझ्यावर, आणि तू घरी येत नाहीस त्याची शिक्षा भोगताहेत बाबा. मला ते बघवत नाही.

तुझा धाकटा


गुरुवार, २५ डिसेंबर

ताई,

सोमवारचं पत्र अजून तुला मिळालंही नसेल. तरी लिहायला बसलो, कारण त्यात मी एका गोष्टीभोवती नुसत्याच घिरट्या घातल्या आहेत.

आधी कालचं सांगतो. सुट्टीत ग्रंथालयाच्या तळघरात दर बुधवारी संध्याकाळी हौशी विनोदवाल्यांचा कार्यक्रम असतो. शेजारच्या काकू दोन तास बाबांपाशी बसतात आणि मी जातो. एकतीस खुर्च्या, अकरा माणसं, त्यातले चार आम्हीच करणारे. कार्यक्रम चालवतात ते दातवाले डॉक्टर, तेच, ज्यांनी तुझी अक्कलदाढ काढली होती. आठ मिनिटं संपत आली की ते मागून लाल टॉर्च दाखवतात. मी प्रयोगशाळेतला बेडूक हा नवा आयटम केला. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मफलरची घडी घातली, पाचव्याला ती मोडून परत घातली. टॉर्च दिसला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. खाली उतरल्यावर एक बाई म्हणाल्या, "तुम्ही ते मास्तर का करत नाही? आम्ही त्यासाठीच येतो." मी म्हटलं, मास्तर रजेवर आहेत.

'मास्तर' तू सबंध पाहिलंच नाहीस. सुरुवात निरुपद्रवी होती. बाबा घरातही सगळ्यांना शिकाऊ ड्रायव्हर समजतात, एवढाच विनोद. आई ताट घेऊन वळली की, "आरशात बघितलंस?" मी चमचा पाडला की, "बंद पडली तर पडली. परत. पहिल्यापासून." आणि तू कॉलेजला निघालीस, नोकरीला निघालीस, सासरी निघालीस की दर वेळी तेच, जे ते शिकाऊ गाडीत प्रत्येकाला सांगायचे. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा ना, म्हणून. "हळूच. घाई नाही. मागे कुणी नाही. ब्रेक माझ्याकडे आहे." लोक पोट धरून हसायचे. बाबा स्वतः दोनदा येऊन हसून गेले होते.

मग त्यांना झटका आला. तिसऱ्या आठवड्यात माझा मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरलेला होता. मी तो रद्द केला नाही. आणि स्टेजवर, आधी काही न ठरवता, मी तोंड वाकडं केलं. त्यांचं झालं होतं तसं. तू तिसऱ्या रांगेत होतीस. तू उठताना खुर्चीची फळी वाजली ती मला ऐकू आली. लोक हसत होते म्हणून मी आणखी एकदा केलं. हे मी याआधी कधी कबूल केलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, गेल्या थंडीच्या सुट्टीतली. तुला मनवायचं म्हणून मी फोन केला. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी बाबांचा आवाज काढला. "हळूऊच. घाई नाही." मला वाटलं तू हसशील. लहानपणी तू रुसलीस की मी हेच करायचो आणि तू हसायचीस. तू हसली नाहीस. मग म्हणालीस, "बाबा? बाबा, तुम्ही बोललात?" तुझा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. मला म्हणावं लागलं की मी आहे. तेव्हा तू म्हणालीस ते अक्षर न् अक्षर पाठ आहे: "यापुढे कुणाचाही आवाज काढून फोन कर, मी ओळखेन आणि ठेवून देईन."

लांडगा आला रे ओरडणाऱ्या पोराची गोष्ट बाबांनीच आपल्याला सांगितली होती. तुला कळली, माझ्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी.

मी चुकलो, ताई. माफ कर म्हणायची हिंमत नाही. रविवारी माझा आवाज तुझ्या कानावर पडणार नाही, हा शब्द देतो. अकरा वाजता. उचल.

तुझा धाकटा


रविवार, २८ डिसेंबर, दुपार

ताई,

तो मी नव्हतो.

पुढचं वाचण्याआधी एवढं एक वाक्य परत वाच. फोनवर होते ते बाबा. माझी शपथ तुला चालायची नाही, म्हणून आईची घालतो.

आता सगळं सांगतो. जे झाकून ठेवलं त्यानेच घात केला. ऑगस्टमध्ये उच्चारबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, यांची घरातली ठरलेली वाक्यं कोणती? हजारदा बोललेलं माणूस आधी उचलतं, नवीन मागाहून. मला सांगायची लाज वाटली. कारण ती यादी घरात तयार होती, 'मास्तर'च्या वहीत. चौदा वाक्यं, कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळ्या खुणांसकट. मी मान खाली घालून वही दिली. बाईंनी ती वाचली, दोनदा हसल्या, आणि म्हणाल्या, उद्यापासून रोज एक तास हेच करायचं.

'मास्तर' बंद केलं असं मी लिहिलं ते खोटं. रोज सकाळी नऊ ते दहा मी ते एका प्रेक्षकापुढे करतो. मी वाक्य म्हणायचं, बाबांनी माझ्या तोंडाकडे बघायचं, मग त्यांनी म्हणायचं. मी त्यांची नक्कल करतो आणि ते माझी. चौदातली तीन वाक्यं तर मुळात त्यांची नव्हतीच, मी रचलेली होती. "हॉर्न कमी, आरसा जास्त" हे बाबा जन्मात कधी म्हणाले नव्हते. आता काकूंना ऐकवतात, आणि काकू म्हणतात, किती खरं बोलता हो तुम्ही. पण खरी गोची वेगळीच झाली. लोकांना हसवायला मी जे ताणून म्हणायचो, तेच त्यांच्या जिभेवर बसलं. ते साधं "हळूच" म्हणत नाहीत आता. "हळूऊऊच" म्हणतात, माझ्यासारखं. त्यांचं मूळचं कसं होतं ते मला आठवायला बसावं लागतं.

नोव्हेंबरात बाईंनी विचारलं, आता कुणाशी बोलायचंय? बाबांनी डाव्या हाताने तुझ्या खोलीकडे बोट केलं.

फक्त तुझं नाव शिकायचं होतं. बाई म्हणाल्या, ठकूतला 'ठ' अवघड आहे, पाळण्यातलं नाव घेऊ, ते सोपं आहे. मी तसं म्हणून दाखवलं. बाबांनी काठी आपटली. त्यांना ठकूच म्हणायचं होतं. तेवीस दिवस लागले, ताई. पहिले दहा दिवस नुसता वारा यायचा. एका सकाळी ते कपाटाच्या आरशात बघून ठकू म्हणाले, आणि वळून माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच ते ऐकलं नाही.

मग वाक्य जुळवलं. बाई म्हणत होत्या, नाव आधी घ्या, हाक मारल्यासारखं. मी म्हटलं, नाही, नाव शेवटी. आधी ओळखीचं सगळं येऊ दे, आणि ठकू अगदी शेवटी, म्हणजे ताईचा बांध फुटेल. बाई मला म्हणाल्या, तुम्ही जाणकार. मी जाणकार! वीस वर्षं स्टेजवर हेच शिकलोय, पंच शेवटी. ठकू हा शब्द मी 'मास्तर'मध्ये कधीच वापरला नव्हता. तो बाबांचा होता, घरातला. तो पहिला आला असता तर तुला त्याच क्षणी कळलं असतं.

आज सकाळी त्यांनी दाढी करून घेतली. शिकवायला जाताना घालायचे तो निळा कोट मागितला. अकराला मी फोन लावला, तू उचललास तसा रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिलो. ते म्हणाले, "हळूऊऊच. घाई नाही." आणि मला इथे ऐकू आलं, तू फोन ठेवलास.

त्यांना ते कळलं नाही. ते मान हलवत बोलत राहिले. "मागे कुणी नाही. ब्रेक माझ्याकडे आहे, ठकू." एकही अक्षर अडखळलं नाही. मग तुझ्या उत्तराची वाट बघत बसले. मी रिसीव्हर काढून घेतला आणि म्हटलं, बाबा, लाइन गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बंद पडली तर पडली. परत. पहिल्यापासून."

मी लगेच लावला नाही. तू परत ठेवला असतास तर मला ते दुसऱ्यांदा सोसलं नसतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असतो तर शिवी देऊन ठेवला असता. म्हणून आता फोन आम्ही करत नाही, तू ठरव. पुढच्या रविवारी, ४ जानेवारीला, सकाळी अकराला बाबा फोनपाशी बसलेले असतील. शेजारी काकू असतील. मी घरातच नसेन, दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसेन. हवं तर आधी काकूंशी बोल, त्यांना माझी नक्कल जमत नाही. हे पत्र उद्या पहाटेच्या टपालाच्या थैलीत जाईल अशा बेताने आत्ताच टाकतो. सुट्टीतही ते पाच दिवसांत पोचायला हवं.

धाकटा


गुरुवार, १ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच चालतोय. तरी इकडची खबर.

बाबांना मी सांगितलं की क्रम बदलायचा, नाव आधी. त्यांना राग आला. एवढ्या कष्टाने पुढे आणलेली गाडी परत मागे घ्यायची म्हणजे काय. पण सोमवारपासून लागले. "ठकू. ब्रेक माझ्याकडे आहे." थांबायचं, मग बाकीचं. ठकू आता इतकं सैल झालंय की दिसेल त्याला लावतात. उकळत्या पाण्याच्या किटलीला ठकू म्हणाले. उच्चारबाईंना म्हणाले. काकूंना म्हणाले तेव्हा काकू लाजल्या. मी हसलो, तसे तेही हसले, आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला मारलं.

दुपारी त्यांना गरम पाण्याची पिशवी देऊन झोपवतो आणि मी समोर बसून असतो. थंडी खूप आहे. तुझ्या खोलीतली चादर बदलली, का ते विचारू नकोस.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे पत्रही आधीच्यांसारखंच होईल. काल बुधवार होता. वर्षाचा शेवटचा कार्यक्रम, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मी बेडूक करायला उभा राहिलो आणि तोंडातून रविवारचा फोन निघाला. निळ्या कोटापासून सगळं. बाबा तुटलेल्या लाइनवर बोलत राहिले तिथे मी आलो, जरा थांबलो, आणि लोक हसले. मोठ्याने हसले. कारण मी तो भाग शेवटी ठेवला होता, बरोबर तितकाच थांबलो होतो. मी काय करतोय ते मला तेव्हा कळलं. टॉर्च लागायच्या आत उतरलो.

डॉक्टर मागोमाग जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "हे खरं आहे?" मी मान हलवली. त्यांनी माझा कोट मला घालून दिला, लहान मुलाला घालतात तसा, आणि म्हणाले रविवारी दवाखाना उघडून ठेवतो, तू ये.

बघ, मी सुधारलेलो नाही. सव्वा वर्षापूर्वी तू उठून गेलीस ते योग्यच केलंस. पण ते माझ्यासाठी. बाबा काय करताहेत ते मी सांगतोय म्हणून खोटं मानू नकोस. तीन दिवस राहिले. ते रोज सकाळी बोटांवर दिवस मोजतात, आणि एक बोट जास्तच दुमडतात.

धाकटा


सोमवार, ५ जानेवारी, सकाळ. रुग्णालय, दुसरा मजला

ताई,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू आलीस की हातात देणार आहे. मला तुझ्याशी तोंडाने बोलायची भीती वाटते. माझा साधा आवाजही हल्ली त्यांच्यासारखा येतो, काकू म्हणतात.

काल सकाळी नऊच्या सुमाराची गोष्ट. दाढी झाली होती, कोट घातला होता. रोजच्यासारखा तास चालू होता, पण या वेळी मी म्हणून दाखवत नव्हतो, नुसता बसलो होतो. त्यांना आता माझी गरज नव्हती. दोनदा सबंध वाक्य म्हणाले. तिसऱ्यांदा "ठ" म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, मुद्दाम थांबलेत. मीच शिकवलंय ना थांबायला. मी वाट बघत राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही, ताई, पण मी बसून वाट बघितली. मग त्यांच्या हातातला कप कलला.

काकूंनी गाडी बोलावली. मी बाबांबरोबर निघालो, घराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. फोनचा विचार मनात आला नाही. आला असता तर किल्ली काकूंना दिली असती, आणि तुला कुणीतरी काहीतरी सांगितलं असतं.

दुपारी काकू इथे आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. अकराला आपल्या घरातला फोन वाजायला लागला. त्या त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या, मधे एक भिंत. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. काकू म्हणाल्या, "मी नुसती भिंतीला हात लावून उभी होते रे. किती वेळ वाजवलंन पोरीने."

म्हणजे तुला पत्र मिळालं. तू ते मानलंस. दोन तासांची चुकामूक झाली. मी जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. एवढं आईच्या वेळीही रडलो नव्हतो.

नंतर दातवाल्या डॉक्टरांनी तुला फोन केला, तो मीच करायला सांगितला होता. दोनदा मी नाणं घेऊन खालच्या फोनपाशी जाऊन आलो, पण 'बाबा' हा शब्द माझ्या आवाजात तुझ्या कानावर पडला असता तर तू काय समजली असतीस? डॉक्टर म्हणाले, ती सकाळी उजाडताच निघतेय, स्वतः गाडी घेऊन. इथले मोठे डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल बहुतेक, पण शब्द आता यायचे नाहीत. वही आणली तरी नाही. उच्चारबाई काल येऊन गेल्या. त्यांनी बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

काल संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, बाबा, ताईचा फोन आला होता. बरोबर अकराला. डोळे मिटलेलेच होते. पण पांघरुणाखाली डावा पाय हलला. खाली दाबला गेला, आणि अगदी सावकाश वर आला. मी परत सांगितलं, परत तसंच. नर्स म्हणाली, असे झटके येतात, त्याला काही अर्थ नसतो. असेल. पण ब्रेकचा पाय उजवा, तो गेलेला आहे. डावा क्लचचा. तुला त्यांनी गाडी शिकवली, मला हसतो म्हणून अर्ध्यात उतरवलं होतं, तरी एवढं मलाही माहीत आहे की क्लच असा सावकाश सोडतात तो गाडी निघताना.

त्यांचं वाक्य इथे लिहून ठेवतो. तुझ्यासाठी होतं, ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. या वेळी नाव आधी आहे:

ठकू. ब्रेक माझ्याकडे आहे. घाई नाही. मागे कुणी नाही.

आवाज लिहिता येत नाही. त्यांचा आवाज आपण कशातच साठवून ठेवला नाही, मी शोधलं. आता तो फक्त माझ्याकडे उरला आहे, तोही माझ्या लकबींनी बिघडलेला. तू मागितल्याशिवाय मी तो यापुढे कधी काढणार नाही, घरात नाही, स्टेजवर नाही. तू कधीच मागितला नाहीस तरी माझी तक्रार नाही. आणि मागितलास तर त्यांचा मूळचा "हळूच" आठवायचा प्रयत्न करेन, न ताणता.

आज शाळा उघडली. माझा अर्ज पोचला असेल. इथून रुग्णालयाचं फाटक दिसतं, पलीकडे सगळा रस्ता रिकामा आहे. सकाळपासून आलेल्या गाड्या सरळ आत घुसताहेत, कुणी इकडेतिकडे बघत नाही. बाबा खिडकीशी असते तर काठी मोडली असती.

आत्ता एक गाडी फाटकाशी आली आहे. तिच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. तरी तिने इंडिकेटर दिला, थांबली, आणि मग हळूच आत वळली.